लगदा दोन तासांत सुटतो

वेइको टाकीत अडकला तेव्हा त्याची थोरली बहीण आउने पलीकडच्या प्रयोगशाळेत बाटल्या हलवत बसली होती. कुणीतरी दार ढकलून नुसतं "वेइको..." म्हणालं. पुढचं ऐकायला ती थांबली नाही.

टॅमरॅक बे गावातली कागद गिरणी बंद पडल्यावर अर्धं गाव पांगलं होतं. उरलेलं अर्धं आता त्याच छपराखाली पॉप्लरच्या लाकडातून साखर काढत होतं. लाकडाचे तुकडे वाफेत शिजवायचे, तो चिखलासारखा लगदा टाकीत भरायचा आणि त्यात आउनेचं एन्झाइम सोडायचं. ते लाकूड कुरतडून साखर मोकळी करतं; साखर आंबवली की गाड्यांत घालायचं इंधन. एन्झाइम हा शब्द गावाच्या जिभेला कधी मानवला नाही. त्या तपकिरी, आंबूस पाण्याला सगळे 'आउनेचा काढा' म्हणत. त्या सकाळी काढा सोडण्याआधीच टाकीच्या तळाचा, लगदा पुढे ढकलणारा स्क्रू अडकला आणि वेइको फावडं घेऊन आत उतरला. कमरेला दोर बांध म्हणून सांगणाऱ्याला त्याने "तो तुझ्या बायकोला बांध" असं उत्तर दिलं. हा पठ्ठ्या लहानपणापासून असाच. लगद्याच्या पोटात पोकळी होती, ती खचली, आणि वेइको छातीपर्यंत रुतला.

गावचं अग्निशमन दल म्हणजे सगळे घरचेच लोक. प्रमुख रॉय गिरणीतला जुना मुकादम. त्याने होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. वेइकोच्या काखेतून पट्टा घालून ओढलं तर तो कळवळला, पण लगदा सोडेना. बादलीने उपसावं तर बाजूचा लगदा घसरून तिथेच यायचा. पाणी ओतावं तर लाकूड ते पिऊन आणखी फुगायचं. टाकी कापावी तर भिंतीपलीकडे इंधनाचा साठा. एक ठिणगी उडाली तर सगळेच जायचे. स्क्रू फिरवावा तर खाली त्याचेच पाय.

"आउने," रॉय म्हणाला, "तुझा काढा सोड. दोन तास ना?"

आता या दोन तासांचं सांगायलाच हवं. पैसे घालणारे पाहुणे आले की मालक गॅरिसनसाहेब आउनेला पुढे करायचे आणि ती म्हणायची, घट्टात घट्ट लगदा दोन तासांत पाण्यासारखा वाहू लागतो. ते खोटं नव्हतं. मुठीएवढ्या बाटलीत, सढळ हाताने काढा घालून, सारखं हलवत राहिलं तर तसं होत होतं. एवढ्या मोठ्या टाकीत, न हलवता, कुणी करून पाहिलेलं नव्हतं. पण पाहुणे खूश व्हायचे, गॅरिसनसाहेब खूश व्हायचे, आणि तो आकडा गावात असा रुळला की पोरंटोरंही म्हणायची, आउनेचे दोन तास. तिने कधी कुणाला थांबवलं नाही. आता तोच आकडा तिच्या सख्ख्या भावाच्या छातीभोवती आवळला होता.

त्यातून आणखी एक. काढ्याला ऊब लागते, आणि ती ऊब माणसाला सोसत नाही. लगदा तसा गरम ठेवला तर वेइको उकडून मरणार. गार केला तर काढा पेंगणार. इकडे आड, तिकडे विहीर. तिने रॉयला बाजूला घेऊन सांगितलं की लगदा अंगाला सोसेल एवढाच कोमट ठेवावा लागेल, आणि मग दोन तासांचं नाव नको.

"मग किती?"

"माहीत नाही. दिवस मावळेल कदाचित."

रॉयने एक घाणेरडी शिवी हासडली. मग आवाज खाली आणून म्हणाला की पोरगा धडपडला की आणखी खाली जातो, आणि खाली गेला की श्वास कोंडतो. त्याने धीर सोडला की संपलं. तेव्हा काय सांगायचं ते तूच सांग.

अग्निशमनवाल्यांनी वेइकोभोवती लगद्यात लांब नळ्या खुपसल्या आणि त्यांतून काढा आत सोडायला सुरुवात केली. आउने टाकीच्या तोंडाशी पालथी पडली आणि तिने डोकं आत घातलं. विजेरीच्या उजेडात भावाचा चेहरा पिठासारखा पांढरा दिसत होता.

"हा काढा मला खाणार नाही ना?" वेइकोने विचारलं.

"तो फक्त लाकूड खातो. डोकं तेवढं सांभाळ."

तो हसला, आणि हसल्याने छाती दबली तसा गप्प झाला. मग म्हणाला, "आउने, ते दोन तास. खरे आहेत, की पाहुण्यांसाठीचे?"

मागे रॉय उभा होता, आई उभी होती. ती पाव मळता मळता तशीच धावत आली होती, कोपरापर्यंत पीठ घेऊन.

"खरे," आउने म्हणाली.

तो मग हललाच नाही. इतका शहाण्यासारखा तो जन्मात कधी वागला नव्हता.

खोटं एकदा बोललं की त्याला दिवसभर पोसावं लागतं. अग्निशमन केंद्राचा भोंगा रोज बारा वाजता गावभर ऐकू जायचा. रॉयने माणूस पाठवून तो बंद करायला लावला. शाळेची बस लांबच्या रस्त्याने वळवली. माणसं जेवायला गेली ती चोरासारखी, पावलं न वाजवता. वेइकोने किती झालं विचारलं की आउने सांगायची, अर्धा तास. बऱ्याच वेळाने सांगायची, आता तास होईल. एवढा वेळ लागतो का, असं तो कुरकुरला तेव्हा ती म्हणाली की आत वेळ मोठा वाटतो. आई नळीने त्याला गोड कॉफी पाजत होती. आउनेकडे तिने दिवसभर पाहिलं नाही.

उन्हं कलल्यावर वेइकोच्या कोपराजवळ थोडंसं पाणी चमकलं. आउनेला वाटलं, भास. मग लगद्याने एक सुस्कारा टाकला, पृष्ठभाग सैल होऊन हलला, आणि रॉय ओरडला की पट्टा ताणा, बुडू देऊ नका. तो बाहेर आला तेव्हा सुती जीन पँटचं गुडघ्यांवरचं कापड लोकांच्या हातात निघून आलं. कापूसही शेवटी झाडाचाच, काढ्याने तोही कुरतडला होता. उजेडात येण्याआधीच वेइकोची शुद्ध हरपली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा पहिलं वाक्य हेच, "बघितलंत माझ्या बहिणीचे दोन तास?"

नर्सला काय माहीत. गावाला माहीत होतं, पण गाव गप्प. आजारी माणसाला कशाला, म्हणून आधी गप्प. मग कारखाना चालायला हवा म्हणून गप्प.

तो घरी आला त्या आठवड्यात गॅरिसनसाहेब फळांची परडी घेऊन आले. नवे पाहुणे येणार होते. वेइकोने त्यांच्यासमोर दोन शब्द बोलावेत, काढ्याची याहून मोठी परीक्षा कुठली, असं त्यांचं म्हणणं. साहेबही त्या दिवशी बाहेर उभे होते, दिवसभर. वेइकोची छाती फुगली. साहेब गेल्यावर तो म्हणाला की कामावरच्या पोरांनाही सांगितलंय, दोराबिराचं एवढं अवडंबर नको, अडकलात तर माझी बहीण दोन तासांत सोडवते.

हे मात्र आउनेला गिळवेना.

"वेइको, दोन तास नव्हते. तू सकाळी उतरलास आणि दिवस बुडताना निघालास."

तो हसला. मग त्याने आईकडे पाहिलं. आई खुर्ची ओढून बसली आणि मान खाली घातली.

"तू तास झाला म्हणालीस, तेव्हा?"

"तेव्हा दुपारची जेवणं उरकली होती."

"आणि आता होतंच आलं म्हणालीस, ते?"

"तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. तू सुटशील की नाही, तेही नाही." "खरं सांगितलं असतं तर धडपडला असतास."

"मेलो असतो," वेइको म्हणाला. चिडून नाही, अगदी समजुतीने म्हणाला, आणि तेच तिला सोसेना. "बरं केलंस. तुझ्यामुळे इथे बसलोय."

त्याने हातातला कप खाली ठेवला.

"पण आत मला दिसत काहीच नव्हतं, आउने. फक्त तुझा आवाज येत होता. आता पुन्हा कधी अडकलो, आणि तू वरून म्हणालीस की होईल नीट, तर मी ते काय समजू?"

आपण आता काहीही म्हटलं तरी तो ते आधी पारखून घेणार, हे आउनेला त्याच्या डोळ्यांत दिसलं.