खुरसाला पाठ करून

मी मेंडोलिन, तारा छेडून वाजवायचं वाद्य. मालवणजवळच्या एका घरात, खिडकीशेजारच्या खिळ्यावरून बोलतोय. माझं पोट अर्ध्या नारळासारखं, मान आखूड. इथले लोक मला पहिल्यांदा बघतात तेव्हा हसतात. हसू देत. आठांपैकी दोन तारा तुटल्यात, उरलेल्या खाऱ्या वाऱ्याने गंजल्यात. आता रुसून तरी काय करू?

माझा जन्म इटलीतल्या नेपल्सचा, बंदरालगतच्या एका गल्लीतला. त्या शहराची गाणी त्याच्या स्वतःच्या बोलीत असायची. शाळा-कचेऱ्यांतली इटालियन वेगळी. इथे मालवणी आणि मराठीचं असतं ना, तसंच. दर सप्टेंबरात तिथे सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, मोठं फेस्त भरायचं आणि त्याच दिवसांत नवी गाणी बाहेर पडायची. फेस्त सायबिणीचं, पण गाणी बहुतेक प्रेमाची. छापील कागदांवर ती रस्त्यात विकली जायची. जे गाणं लोकांच्या तोंडी बसलं ते तरलं, बाकीची विसरली जायची.

माझा पहिला मालक जेन्नारो. तो खानावळीत टेबलाटेबलापाशी जाऊन गायचा. लग्न ठरलेली पोरं त्याला आपल्या नवरीच्या खिडकीखाली घेऊन जायची. पुढे खानावळींनी गाणारी यंत्रं आणली आणि जेन्नारोला बाहेरचा रस्ता दाखवला.

अशाच एका फेस्ताला जॉर्जची बोट तिथे लागली होती. जॉर्ज मालवणचा, बोटीवर खलाशी. जेन्नारोने त्याला मला विकलं आणि सोबत एक जुनं गाणं शिकवलं. खाणाखुणा करून अर्थही सांगितला: दर्यावरून परतलेला एक तरुण खिडकीखाली उभा राहून म्हणतो, बोलू नकोस, नुसती खिडकीत ये. जॉर्जचं नुकतंच लग्न झालं होतं. बोटीवर तो बायकोचा, बर्थाचा, फोटो उशाला टेकवून तेच गाणं घोटत बसायचा.

घरी मात्र हा माणूस मुखदुर्बळ. 'च्या दी गो' याच्यापुढे बर्थाशी बोलणं नाही. चारचौघांत बायकोचं कौतुक करायची त्या घरात रीतच नव्हती. इथेही सप्टेंबरात सायबिणीचं फेस्त असतं. पुढच्या वर्षी त्या दिवशी जॉर्ज घरी होता. वाडीतले ख्रिस्ती नव्या भाताची कणसं घेऊन आमच्या अंगणासमोरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, जमले होते. प्रार्थना संपली आणि जॉर्जने मला छातीशी धरून ते गाणं म्हटलं.

"खंयचा रे ह्या गाणा?" त्याच्या आईने विचारलं.

"सायबिणीच्या फेस्ताचा," तो म्हणाला.

ते खोटं नव्हतं. वाडीने हात जोडले. मग दरवर्षी ते गाणं होऊ लागलं. शब्द कळत नव्हते, पण लॅटिन प्रार्थना तरी कुठे कळत होत्या? बर्थाकडे पातोळ्या उकडायचं काम असायचं, म्हणून ती खिडकीतूनच ऐकायची. आणि जॉर्ज खुरसाला पाठ करून, घराकडे तोंड करून उभा राहायचा. त्याची आई दरवर्षी करवादायची, "खुरसाक पाठ करू नको रे, पाप लागात." तो ऐकून घ्यायचा आणि तसाच उभा राहायचा.

जॉर्ज गेला. मला खिळ्यावर टांगलं गेलं आणि गाणं बर्थाने उचललं. ऐकून ऐकून तिला ते सगळं पाठ झालं होतं. वाडीतली घरं एकेक करून बंद झाली, सोबतीला आवाज उरले नाहीत, तरी ती दर फेस्ताला खुरसासमोर गुडघे टेकून एकटी गायची. मला फार बरं वाटायचं. जेन्नारोचं गाणं अजून कोणाच्या तरी गळ्यात होतं.

तिची नात क्लॉडिया नेपल्सला म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते. तिथल्या एका आजारी बाईला तिने हे गाणं गुणगुणून दाखवलं. क्लॉडियाला अर्धेमुर्धेच शब्द आठवत होते. बाई रडली, अर्थ सांगितला, पण पुढचं तिलाही येईना. क्लॉडियाने पुष्कळ ठिकाणी विचारलं. ते गाणं अख्खं येणारं माणूस तिला कुठेच भेटलं नाही. म्हणून या फेस्ताला ती बर्थाच्या आवाजात ते फोनवर भरून घ्यायला आली. आणि आनंदाच्या भरात आधी अर्थच सांगून बसली.

"आजये, ह्या देवाचा गाणा न्हय. एक झील आपल्या आवडत्या चेडवाच्या खिडकीखाली रवान तिका साद घालता."

बर्थाने हातातली कणसं खाली ठेवली.

"आणि मी ता खुरसासमोर म्हटलंय? इतकी वर्सा?" ती म्हणाली. मग तिने विचारलं, "थंय त्याची कोण होती गो?"

क्लॉडियाने नाना परीने विनवलं. बर्थाने तोंड मिटलं ते मिटलंच. या वर्षी खुरसापाशी गाणं झालं नाही. घरात येऊन तिने खिडकी लावून घेतली आणि मला खिळ्यावर उलटं, भिंतीकडे तोंड करून टांगलं. तेव्हापासून ती जेवते, झोपते, पण जॉर्जचं नाव काढत नाही. इतक्या वर्षांचा संसार तिला आता फसवणूक वाटतो. मला हे सोसवत नाही.

क्लॉडिया उद्या कुडाळहून गाडी पकडेल. बाळा, जाण्याआधी एवढं कर. आजीकडे गाणं मागू नकोस. नुसतं विचार, तिची सासू दरवर्षी आजोबांना काय बोलायची? ते तिला नक्की आठवत असेल. मग विचार, खुरसाला पाठ करून तो उभा राहायचा, तेव्हा त्याच्या समोर काय होतं? मी सांगितलं असतं, पण मला गळा नाही.

समोर ही खिडकी होती. खिडकीत ती होती.