मावशीचे टोमणे

मोबाइलवरच्या त्या खेळाचं नाव होतं ‘माऊघर’. खेळ सोपा होता. टाकून दिलेली मांजरं एका जुन्या इमारतीत राहायला येतात, त्यांना खायला घालायचं, अंगावरून हात फिरवायचा, खिडक्यांना पडदे लावायचे. हरण्याची सोय नव्हती, जिंकण्याचीही नव्हती. खाऊ संपला की एक तर ताटकळत बसायचं, किंवा जाहिरात बघायची, किंवा पैसे भरून नवा खाऊ घ्यायचा. आणि खेळणारा दिवसभर फिरकला नाही, तर मांजर त्याच्या फोनवर निरोप पाठवायचं.

हे निरोप लिहिण्याचं काम धाकटीकडे होतं. दोघी बहिणींत ती दुसरी, म्हणून घरात धाकटी. एकदा तिच्या आईचा फोन ऑफिसात कोणीतरी उचलला आणि तेच नाव तिथेही चिकटलं. कुठे ओळख करून द्यायची वेळ आली की ती ‘मी लिहिते’ म्हणायची आणि काय लिहिता हे कोणी विचारायच्या आत विषय बदलायची.

सुरुवातीचे निरोप तिने शहाण्यासारखे लिहिले होते. आपले मांजर आपली आतुरतेने वाट पाहत आहे, वगैरे. ते वाचून कोणी परत येत नसे. आकडे बघणाऱ्या सहकाऱ्याला सगळे टक्के म्हणत, कारण आजचं जेवण कसं होतं हेही तो टक्क्यांत सांगायचा. निरोप वाचून परत येणाऱ्यांपेक्षा निरोप वाचून खेळच काढून टाकणारे जास्त आहेत, असं तो तिला अगदी हळुवारपणे सांगायचा.

मग एका दुपारी आईचा फोन आला. रविवारी येते असं सांगून धाकटी गेली नव्हती. आई रागावली नाही. तिने हवापाण्याची चौकशी केली, आणि ठेवताना म्हणाली, “नाही, काही नाही. तुझ्या वाटणीचं झाकून ठेवलं होतं. संध्याकाळी काढून टाकलं.”

धाकटीला तासभर काही सुचेना. पण निरोप द्यायची वेळ झाली होती आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिने मांजराच्या तोंडी घातलं: ‘नाही, काही नाही. तुझ्या वाटणीची उशी झटकून ठेवली होती. आता तिच्यावर दुसरंच कोणी झोपलंय.’

दुसऱ्या दिवशी टक्के चालत तिच्या टेबलापर्यंत आला. तो खुर्चीवरून उठतो हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं. लोक झुंडीने परत आले होते. ऑफिसच्या प्रमुख बाईंनी विचारलं की हे बोलणारं मांजर कोणतं? असं वेगळं मांजर नव्हतंच, म्हणून ते चित्रकाराकडून काढून घेतलं गेलं: करड्या रंगाची, नाकावर चष्मा आलेली, खिडकीत बसणारी म्हातारी मांजर. तिचं नाव ठेवलं मावशी.

त्यानंतर वर्षभर मावशीने लोकांना जगू दिलं नाही. ‘कामात असशील. असणारच.’ ‘माझं काय, मी बसते खिडकीत. खिडकी कुठे जात नाही.’ ‘बघ, जमलं तर. नाही जमलं तरी बघ.’ माणसं भर बैठकीतून उठून मांजराला खायला घालून येऊ लागली. एकाने अभिप्रायात लिहिलं की मावशीशी बोलून झालं की आईला फोन करायची गरजच वाटत नाही. प्रमुख बाईंनी तो अभिप्राय मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला.

धाकटीची पद्धत बसून गेली. आईला फोन करायचा, या आठवड्यात यायला जमत नाही म्हणायचं, आणि कान उघडे ठेवायचे. आई कधी कमी पडली नाही. एखादा टोमणा असा पडायचा की धाकटी दुखावलीही जायची आणि खूशही व्हायची, आणि आधी काय व्हायचं हे तिचं तिलाच ठरवता यायचं नाही.

माऊघरावर दुसरा मजला चढायचा ठरला तेव्हा प्रमुख बाईंनी मावशीचे अख्ख्या हंगामाचे निरोप मागितले. पंधरवड्यानंतरच्या शुक्रवारी बैठक होती. निरोप चालले तर धाकटी लेखन विभागाची मुख्य होणार होती. नाही चालले तर एक यंत्र तयार होतं. त्याला मावशीचं आतापर्यंतचं सगळं बोलणं वाचायला दिलं होतं आणि ते दर सेकंदाला एक टोमणा मारू शकत होतं. टोमणे चांगले नव्हते, पण टक्के म्हणाला की यंत्र थकतही नाही.

आणि नेमकी याच सुमाराला आई गोड बोलायला लागली.

या रविवारी जमत नाही म्हटलं, तर ती म्हणाली, बरं, पुढच्या वेळी ये, काम महत्त्वाचं. धाकटीने पुढचा रविवारही रद्द केला. आई म्हणाली, तब्येत सांभाळ. धाकटी हट्टाला पेटली. केस बारीक कापले म्हणाली, सकाळचं खाणं सोडलं म्हणाली, थोरलीला मात्र येता येतं कारण तिला कामच नसतं असंही म्हणून बघितलं. आईने केस छान दिसत असतील म्हटलं आणि फोन ठेवला. एवढं झाल्यावर धाकटी घाबरली. निरोप राहिले बाजूला, आईला काहीतरी झालंय याची तिची खात्रीच पटली. गुरुवारी दुपारी ती न कळवता आईकडे निघाली.

वाटेत बसमध्ये तिने एक निरोप तेवढा खरडला, फोनवरूनच ऑफिसच्या यंत्रणेत टाकून दिला.

आई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होती. तब्येत उत्तम होती. लेकीला दारात बघून तिला आनंद झाला, केस लांबच आहेत हेही तिने बघितलं, पण बोलली काही नाही. नुसती सरकून बसली. धाकटीने शेंगा ओढून घेतल्या. तेवढ्यात खिडकीतला आईचा फोन वाजला. आईने हात पुसले, चष्मा लावला, फोन वाचला, दोनचार वेळा बोट टेकवून मांजराला खाऊ घातला आणि परत येऊन बसली.

धाकटीने फोन उचलून बघितला. पडद्यावर मावशी होती आणि निरोप होता: ‘दाराला कडी घातली नव्हती. सवयीने.’

हा निरोप तिने अर्ध्या तासापूर्वी बसमध्ये लिहिला होता. तो अजून कोणालाच गेलेला नव्हता.

मग तिच्या लक्षात आलं. कोणताही कच्चा निरोप आधी चाचणीच्या फोनांवर जातो, तिथे नीट उमटला की मग सगळीकडे. खेळ नवीन होता तेव्हा चाचणीला फोन कमी पडत होते. घरच्यांचे नंबर द्या म्हणून सांगितलं गेलं, तिने आईचा दिला, आईच्या फोनवर खेळ घालून दिला, खाऊ कसा घालायचा ते दाखवलं, आणि विसरून गेली. म्हणजे वर्षभर मावशीचा प्रत्येक शब्द सगळ्यात आधी आईकडे येत होता. खोडलेलेसुद्धा. एकाच टोमण्याचे, शब्द बदलून बदलून लिहिलेले सगळे निरोप.

“कधीकधी एकच गोष्ट पाचपाच वेळा सांगतेस,” आई म्हणाली. “मला ऐकू येतं अजून.”

धाकटीने विचारलं, तुला काय वाटायचं, हे कोण पाठवतंय?

“तू. तूच दिलंस ना ते फोनमध्ये? म्हटलं, हिला फोन करायला जमत नाही, मांजराच्या नावाने आठवण काढते. मग मी घालायचे खाऊ.” आईने एक शेंग मोडली. “नंतर ते उशीचं आलं. ते माझं होतं. मग रोजच यायला लागलं माझं बोलणं, मला. चष्मा लावलेली मांजर माझ्या तोंडाने बोलतेय. आधी वाटलं, चिडवतेयस. मग म्हटलं, एवढं पाठ असेल तर लागलं असणार पोरीला. म्हणून गप्प बसले.”

धाकटीने घाईघाईने खुलासा केला. ते तुझ्यासाठी नव्हतंच, ते सगळ्यांसाठी होतं, लाखो लोकांना जातं, तुझा फोन नुसता चाचणीला होता. सांगता सांगता तिला कळलं की हे आधीपेक्षा वाईट झालंय. पण खुलासा अर्ध्यावर थांबवता येत नव्हता.

आईने सोललेले वाटाणे एका बाजूला सारले. मग तिने कारकुनासारखे एकेक प्रश्न विचारले. मांजर लोकांना बोलावतं ते कशाला? त्यांनी यावं म्हणून. आले की? खाऊ घालतात. मग? खाऊ संपतो. संपला की?

“जाहिरात बघायची,” धाकटी म्हणाली. “नाहीतर पैसे भरायचे.”

“म्हणजे दुकान आहे.” आईने टरफलं गोळा केली. “मी तुला बोलावते, तर तू आलीस की माझं काम झालं. तुझी ती मावशी आलेल्या माणसापुढे गल्ला ठेवते. आणि पुन्हा माझ्याच आवाजात. पत्त्यांत निदान डाव संपतो, माणूस उठून घरी जातो. यात उठायचं कधी?”

धाकटीकडे उत्तर होतं, ते टक्केने एकदा दिलं होतं. माणूस उठला की ते आमचं अपयश धरतात. तिने ते सांगितलं नाही.

आईने विचारलं की आपली वाक्यं परत मागता येतील का. येणार नव्हती. ऑफिसच्या वेळात लिहिलेलं सगळं कंपनीच्या मालकीचं, असं करारात होतं. आईला यावर हसू फुटलं. म्हणजे मी यापुढे तुला काही बोलले तर ती चोरी धरायची का, असं तिने विचारलं. मग धाकटीचा चेहरा बघून तिला राहवलं नाही. उद्या द्यायचेत ना, घे लिहून, म्हणाली, आणि पदराला हात पुसून ताठ बसली. थोडा वेळ छताकडे बघितलं. “तू आली नाहीस, तर... मला वाईट वाटेल.”

दोघींनी तोंडं वाकडी केली.

“हे बँकेच्या पत्रासारखं झालं,” आई म्हणाली. “असं मागून येत नाही गं ते. आणि तू समोर बसलीयेस. समोर बसलेल्या माणसाला काय बोलू?”

धाकटी म्हणाली, निरोपांचं जाऊ दे, पण तू पूर्वीसारखी बोल माझ्याशी. तुझं गोड बोलणं ऐकून मला वाटलं तू आजारी आहेस. आईने मान हलवली. आता जमेल असं वाटत नाही, म्हणाली. तोंड उघडायला गेलं की ती मांजर दिसते.

धाकटी जेवून निघाली. आई दारापर्यंत आली, सावकाश जा म्हणाली. आणखी काही म्हणेल म्हणून धाकटी चपला घालण्यात उगीच वेळ काढत राहिली. आई दार धरून उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी ती लिहायला बसली तेव्हा तिच्यापुढे दोन गोष्टी पक्क्या होत्या. आईचं आणखी एकही वाक्य मावशीला द्यायचं नाही, आणि दुपारी काहीतरी द्यावंच लागणार. आईचं बाजूला काढल्यावर तिच्याकडे एकाच माणसाचं बोलणं तोंडपाठ उरलं होतं, तिचं स्वतःचं. ते भराभर उतरलं. आठवावंही लागलं नाही. वर्षानुवर्षांचा साठा होता.

‘आत्ता जरा गडबडीत आहे, संध्याकाळी बोलू.’ ‘बोल ना, ऐकतेय, टाइप करता करता.’ ‘पुढच्या आठवड्यात नक्की. हा आठवडा धरू नकोस.’ ‘तुझे सगळे फोन आत्ताच बघितले.’ सगळं मावशीच्या तोंडी घालून तिने यंत्रणेत टाकलं आणि बैठकीला गेली.

प्रमुख बाईंनी निरोप वाचले, पहिल्यापासून पुन्हा वाचले. मग विचारलं की हे काय आहे. टक्केने चाचणीचे आकडे उघडले. लोक निरोप वाचत होते आणि फोन खाली ठेवून आपल्या कामाला लागत होते. इतकी शांतता आपण या खेळात कधी बघितली नाही, असं तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थोडं कौतुकही होतं.

“ज्या मांजराला आपल्यासाठी वेळ नाही,” प्रमुख बाई म्हणाल्या, “त्याला कोण पुन्हा पुन्हा विचारायला जाईल?”

धाकटी म्हणाली, जाणारी एक आहे माझ्या माहितीत.

तिचा फोन वाजला. आईचा होता. चाचणीचा शेवटचा निरोप नुकताच सुटला होता: ‘मीटिंगमध्ये आहे. नंतर करते.’ धाकटीने फोन उचलला, आणि आईचा आवाज टेबलाच्या पलीकडेही नीट ऐकू आला.

“मीटिंगमध्ये आहेस का? बरं, अस. आता मांजरांनाही मीटिंगा असतात हे मला आज कळलं. मी काही म्हणत नाही. मी कोण म्हणणार? तू नंतर कर. नंतर म्हणजे कधी ते मी विचारलंय का कधी तुला? नऊ महिने पोटात होतीस तेव्हा मला नव्हतं सुचलं, नंतर करते म्हणायचं...”

टक्केची बोटं आपोआप टंकायला लागली होती. प्रमुख बाईंनी एक बोट वर करून त्याला चालू ठेव अशी खूण केली, दुसऱ्या हाताने धाकटीला आवाज वाढव म्हणून सुचवलं. धाकटी उठली. फोन कानाला लावूनच बाहेर गेली, आणि जाताना काचेचं दार ओढून घेतलं.

जिन्यात कोणी नव्हतं. ती वरच्या पायरीवर बसली. दाराच्या काचेतून तिला बाई यंत्रवाल्या माणसाला बोलावून घेताना दिसत होत्या. आई थोरलीवर आली होती, थोरलीवरून केसांवर, केसांवरून कालच्या न कळवता येण्यावर, की आधी सांगितलं असतं तर काही धड करून ठेवलं असतं, पण सांगेल कोण.

“ऐकतेयस का?” आईने मध्येच विचारलं. “का टाइप करतेयस?”

“ऐकतेय,” धाकटी म्हणाली. “जिन्यात आहे. जरा मोठ्याने बोल.”