अर्पणाच्या वाकळा

त्या बलभीम सराचं नाव काढू नका माझ्यापुढं. तळपायाची आग मस्तकात जाती.

ढोकीच्या आमच्या चर्चची झाडलोट म्या करते, वीस वरसं झाली. बलभीम सर मंडळीचे सेक्रेटरी, रिटायर मास्तर. यंदा आमी भगिनी मंडळाच्या बायांनी ऊसतोड्यांसाठी बारा वाकळा शिवल्या, घरोघरच्या जुन्या साड्यांच्या. टाके घालून घालून बोटांची चाळण झाली. पाळकसाहेबांनी त्यावर अर्पणाची प्रार्थना केली, आन सरांनी त्या वेदीमागच्या खोलीत कुलपात घातल्या. का, तर नाताळला पुण्याचे पाव्हणे येणार, त्यांच्या हातानं वाटायच्या. बॅनर बी छापून आलं. त्यावर सरांचं थोबाड हे एवढं.

चर्चच्या भिंतीपलीकडं ऊसतोड टोळीनं पाचटाच्या कोप्या घातल्यात. तिथली दीपाली, बीडकडची, विशीतली पोरगी, सोमवारी कोपीतच बाळंत झाली. थंडी अशी की बादलीला हात लावू वाटंना. म्या डोकावले तर बाळ आईच्या जुन्या परकरात गुंडाळलेलं. पाय हातात घेतले, तर गारढोण.

तशीच चर्चला लागून असलेल्या सरांच्या घरी गेले. "सर, खोलीची चावी द्या. एक वाकळ पायजे, बाळंतिणीला."

"प्रेमाबाई, प्रार्थना करून वाहिलीय ती. देवाची झाली. आता कुणा एकाच्या म्हणण्यावर उचलता येत न्हाय."

"देवाला थंडी वाजती का सर?"

"तोंड सांभाळा. चार दिवसांचा तर प्रश्न हाय. पाव्हण्यांना बारा सांगितल्यात, अकरा कशा दाखवू?"

"आमी शिवल्या, आन वाटणार पाव्हणे! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! लाज वाटू द्या जरा!"

सरांनी दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर!

मंगळवारी पाळकसाहेबांकडं गेले, तर ते सोलापूरला गेलेले. मग मंडळीतल्या घराघरात जाऊन बोंब ठोकली. सगळ्या म्हणल्या, "व्हय बाई, खरं हाय तुमचं," आन सगळ्या भाकरी थापत बसल्या. रविवारी गळा काढून गाणी म्हणायला तेवढ्या पुढं! रात्रभर म्या चरफडत पडले. सरांना काय काय बोलायचं, ते मनात जुळवत हुते.

बुधवारी सकाळी डोकंच फिरलं. घरातला बत्ता उचलला, चर्चात आले आन तीन दणक्यांत कुलूप पाडलं. आवाज ऐकून सर पळत आले.

"चोरी हाय ही, प्रेमाबाई!"

"व्हय, चोरी! छापा बॅनरवर माझा बी फोटू!"

सगळ्यात जाड वाकळ काखेत मारली आन भिंतीला वळसा घालून कोपीवर गेले. छाती फुगलेली. वाटलं, सगळ्या ढोकीत येशूची खरी लेक म्या एकटीच.

बाळ ऊबंत झोपलं हुतं. वाकळीतच. ठिगळावर ठिगळ लावलेली, धुराचा वास येणारी, पर स्वच्छ धुतलेली.

"ही कुणाची गं?" म्या इचारलं.

"शेजारच्या कडूआक्काची, मावशी," दीपाली म्हणली. "सोमवारीच दिली. तुमी बघून गेलात, आन मागोमाग ती घेऊन आली."

कडूबाई बाहेर चुलीपाशी बसलेली. साठीची म्हातारी, अजून कोयता चालवती. अंगावर खताची फाडलेली गोणी. दोन रात्री तिनं त्याच गोणीवर काढल्या हुत्या. खोकत हुती.

म्या वाकळ तिच्यापुढं धरली. तिनं हात पुढं केला न्हाय.

"परवापास्नं तुमचं भांडण ऐकू येतंय," ती म्हणली. "देवाघरचं कुलूप कशाला फोडलंत बाई? तुमच्या घरी न्हवती का एखादी?"

टोमणा मारला असता, तर तिथंच झाडली असती तिला. पर ती खरंच इचारत हुती. तिला वाटलं, माझ्याकडं बी तिच्यासारखी एकच असंल, अंगावरची.

वाकळ तिच्या मांडीवर टाकली आन निघाले. वाटेत सर काय काय बोलत हुते, एक शबूद कानात शिरला न्हाय. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र कुणी ठेवलं, ते आता कळत हुतं. दोन दिवस म्या गाव डोक्यावर घेतलं, आन माझ्या लेखी ते पोरगं तवर गारच पडलं हुतं. एवढी चीड आली, पर आता ओरडायचं कुणावर?

घरी येऊन पत्र्याची पेटी उघडली. आत तीन वाकळा, डांबरगोळ्या घालून घडी केलेल्या, पाव्हण्यारावळ्यांसाठी ठेवलेल्या.

त्या पेटीला कुलूप कधीच न्हवतं. आन बत्ता म्या सकाळी तिच्याच झाकणावरनं उचलला हुता.