येताना तीसचा वेग

वैदेही पहाटे साडेपाचला निघाली. पुण्याहून ती सासूबाईंना घेऊन आली होती. एक रात्र बजाजनगरला आईकडे, यमुनाबाईंकडे, मुक्काम केला. आता सासूबाईंना पैठणला बहिणीकडे पोचवायचं, परत यायचं आणि तशीच पुण्याची वाट धरायची.

"जाताना रस्ता मोकळा, साठनं जाईन. येताना रस्त्याचं काम अन् कंपन्यांच्या बसा, तीसच्या वर गाडी पळायची नाही," गाडीत बसता बसता ती म्हणाली. "माझ्यापायी द्वादशी चुकवू नको हं, आई."

"तू ये गं. पंक्तीला कुणी असल्याशिवाय आपल्यात एकादशीचं पारणं करत नाहीत."

यजमान लक्ष्मण मास्तर गेल्यापासून ती पंगत गाईच्या घासावरच भागत होती. आज पहिल्यांदाच खरं माणूस बसणार होतं. यमुनाबाईंनी दोन पाट मांडले. मुगाचं वरण, आवळ्याची चटणी, गरम भात. पंचांगाप्रमाणं द्वादशी सात पन्नासला संपत होती.

साठ अन् तीस नव्वद, निम्मे पंचेचाळीस. जाऊन येऊन शंभर किलोमीटर. सव्वादोन तास धरले तर लेक पावणेआठला दारात. देवाला हात जोडून त्यांनी भातावर झाकण घातलं.

तुळशीला पाणी घालताना मास्तरांचा आवाज आठवला. शाळेत गणित शिकवायचे, घरी आल्यावर तेच भाजी निवडता निवडता बायकोला.

"यमुना, वेगाची अशी निम्मी बेरीज करायची नसते. जाणं-येणं सारख्याच अंतराचं, पण हळू वाटेवर माणूस जास्त वेळ असतं. हरात्मक मध्य काढ."

"म्हणजे हो काय?"

"दोघांना उलटं कर, मग मिळव."

एक साठांश अन् एक तीसांश. तीसांश म्हणजे दोन साठांश. मिळून तीन साठांश. दोनाला त्यानं भागलं की चाळीस. पंचेचाळीस नव्हे, चाळीस. शंभराला अडीच तास.

म्हणजे आठ. द्वादशी सरून दहा मिनिटं झालेली असणार.

यमुनाबाईंनी पुन्हा उलटंपालटं करून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांचं गणित चुकावं असं त्यांना वाटलं. उत्तर चाळीसच आलं.

पावणेआठ वाजले. गल्लीत दूधवाल्याची मोटारसायकल तेवढी वाजली. जेवावं तर लेक नाही, थांबावं तर व्रत मोडतं. जुन्या बायका अशा वेळी तीर्थ घेतात. पाण्यानं पारणं केल्यासारखंही होतं अन् जेवल्यासारखं होत नाही. त्यांनी तुळशीपत्र घातलेलं पळीभर पाणी देवापुढं बसून घेतलं. आता निदान व्रत सुटलं, आणि जेवण लेकीसाठी राहिलं.

आठला गाडी थांबली.

"आई! जेवलीस ना? मी पावणेआठ धरलं होतं गं, कसा उशीर झाला कळलंच नाही."

"मास्तरांची लेक ना तू? निम्मी बेरीज केलीस व्हय?"

वैदेही हसली, मग घड्याळाकडं बघून ओशाळली. "दुपारी दोनला ऑफिसात हजर व्हायचंय. चार घास खाते आणि निघते."

पाटावर न बसता ओट्याला टेकूनच तिनं भात कालवला. चटणी चाखून "बाबांची आठवण झाली," म्हणाली, आणि हात धुऊन वाकून पाया पडली.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत यमुनाबाई दारात उभ्या राहिल्या. मग आत येऊन दोन पाटांपैकी एकावर बसल्या. समोरच्या पाटावर गाईसाठी एक घास ठेवला, आणि गार झालेला भात सावकाश जेवल्या.