वळणावर अडकतंय

राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर संगमेश हिरेमठचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मशीन जोडून देणं, दुरुस्ती करणं आणि ज्यांना गेमचं वेड आहे त्यांची मशीनं पळती करून देणं हे त्याचं काम. २००७ च्या उन्हाळ्यात ऐश्वर्या पाटील रिक्षातून एक जुना कॅबिनेट घेऊन आली, तेव्हा त्यानं तो बघताक्षणी ओळखला. काही वर्षांपूर्वी त्यानंच तो जोडला होता, तिच्या थोरल्या भावासाठी, अनेकांतसाठी.

अनेकांत त्याच्याकडं गिऱ्हाईक म्हणून आला होता आणि मित्र होऊन बसला होता. गडमुडशिंगीच्या बाहेर रानात त्यांचं घर. वडील पार्श्वनाथ पाटील, त्यांना सगळे आण्णाच म्हणत. ऊस, म्हशी आणि मार्केट यार्डात भुसाराचं दुकान. अनेकांतला त्या दुकानात बसायचं नव्हतं. त्याला गेम बनवायचे होते. मोटारसायकलच्या एका गेमबरोबर आपले आपण नकाशे तयार करायची सोय यायची. त्यात त्यानं आपलंच घर, फाटक, उसाचे पट्टे आणि डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीवाट बनवली होती. पण मशीनला ते पेलायचं नाही. सगळं अडकत अडकत चालायचं.

२००४ च्या पावसाळ्यात बापलेकात भांडण झालं. बेंगळूरला चाललो म्हणून अनेकांत मोटारसायकलवर बसला आणि निघाला. तो दिवस तो गारगोटीला एका मित्राकडं राहिला. दुसऱ्या दिवशी ‘निघतो’ म्हणून तिथून बाहेर पडला, आणि पुढं कुणाला दिसला नाही. पोलिसांत तक्रार झाली. नातेवाईक बेंगळूरला जाऊन आले. शेवटी आण्णांनी शोध थांबवला. “गेला तो गेला,” एवढंच म्हणाले, आणि त्या घरात त्याचं नाव निघायचं बंद झालं.

ऐश्वर्या आता राजारामपुरीतच एका क्लासमध्ये गणित शिकवत होती. कॅबिनेट टेबलावर ठेवून ती म्हणाली, “संगमेशदादा, ह्यात त्याचा नकाशा हाय. दादा म्हणायचा, एकदा हे न अडकता पळू दे, मग तुला सगळं फिरवून दाखवतो. मोठ्या स्क्रीनवर, एकदम स्वच्छ. तेवढं करून द्या.”

“घरात सांगितलंयस?”

“आईला म्हाईत हाय. आण्णांना न्हाय.”

संगमेशनं काम मनावर घेतलं. कॅबिनेट उघडून पंख्यात बसलेली धूळ ब्लोअरनं उडवली. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवीन लावली. रॅम वाढवली, जास्तीचा पंखा बसवला, त्या बोर्डवर बसेल असं सगळ्यात दमदार ग्राफिक कार्ड पुण्याहून मागवलं. मागं गुपचूप चालणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले. एकोणीस इंची मॉनिटर लावून गेम सोळाशे बाय बाराशे ठिपक्यांवर टाकला. लांबचं किती दिसावं याची पट्टी त्यानं आधी निम्म्यावर ठेवली, कारण लांबचं दाखवायला मशीनला सगळ्यात जास्त राबावं लागतं.

गेम सुरू झाला. डांबरी रस्ता, मग गाडीवाट, दोन्ही बाजूला ऊस. स्क्रीनच्या कोपऱ्यात एका सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा दिसत होता. पूर्वी तो वीसच्या आसपास रडायचा, आता साठावर होता. मोटारसायकल लोण्यासारखी चालली होती. घराच्या अलीकडं वाटेला एक वळण होतं. त्या वळणावर आकडा धाडकन खाली आला, चित्र थिजलं, आणि वळण सरल्यावर पुन्हा सुरळीत झालं.

तो परत गेला. पुन्हा तिथंच अडकलं.

संगमेशला यात पहिल्यांदा काही वावगं वाटलं नाही. एखाद्या जागी मशीन अडकतं याचा अर्थ तिथं काहीतरी अवजड आहे, जे दाखवताना त्याला दम लागतो. खूप झाडं असतील, पाणी असेल, सावल्या असतील. त्यानं नकाशा बनवायचं साधन उघडलं आणि वळणाजवळची जागा तपासली. तिथं काहीच नव्हतं. वाटेच्या कडेला सपाट पडीक रान, त्यावर गवताचं एक साधं चित्र पसरलेलं. संपूर्ण नकाशात त्याच्याइतकी हलकी जागा दुसरी नसेल.

त्यानं सावल्या बंद केल्या. हार्ड डिस्कवरच्या फायली नीट लावून घेतल्या. ड्रायव्हर बदलून बघितले. रॅमची एकेक पट्टी काढून तपासली. ऊस, म्हशी, कौलारू घर, सगळीकडं मशीन पळत होतं आणि त्या मोकळ्या रानाशी येऊन धापा टाकत होतं. कार्डावर हात ठेवला तर चटका बसायचा.

ऐश्वर्या क्लास सुटल्यावर आली तेव्हा त्यानं तिला ते दाखवलं.

“काहीतरी दाखवायला बघतंय ते,” तो म्हणाला. “पण काय, तेच कळंना. फाईलमध्ये तर काय न्हाय.”

ऐश्वर्या स्क्रीनकडं बघत राहिली. “इथं शेजारच्या सयाजीकाकांचं रान हाय,” ती म्हणाली. “पडूनच असतं.”

“अडकू नये म्हणून मी सगळं कमी करत आलोय. आता उलटं करून बघतो.”

त्यानं कार्डाचा वेग जपून वाढवला. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन सरळ आत सोडला. गेमच्या सेटिंगमधल्या सगळ्या पट्ट्या शेवटपर्यंत ओढल्या. लांबचं जेवढं दिसू शकतं तेवढं दिसू दे म्हटलं. मग गेम सुरू करून मोटारसायकल ऐश्वर्याच्या हातात दिली.

खाली दवाखान्यात कुणाचा तरी दात कोरायचा चालला होता, त्याचा बारीक आवाज वर येत होता. ऐश्वर्यानं गाडीवाट धरली. वळण आलं. या वेळी आकडा पडला नाही. चित्र सरळ, स्वच्छ, पाण्यासारखं पुढं सरकलं.

आणि गवतात कुणीतरी उभं होतं.

ऐश्वर्यानं गाडी थांबवली. त्या गेममधली माणसं ठोकळ्यासारखी असायची. बोटं एकमेकांना चिकटलेली, तोंडावर डोळे रंगवलेले. हा तसा नव्हता. शर्टाची पाठीवरची सुरकुती दिसत होती. कॉलरवर आलेले केस दिसत होते. केस ओले होते. एक हात कमरेवर ठेवून, पाठ यांच्याकडं करून, मान खाली घालून तो पायाशी बघत उभा होता. आजूबाजूचं गवत हलत होतं. तो हलत नव्हता.

“तुम्ही घातलंय हे?” ऐश्वर्यानं विचारलं. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

“न्हाय.”

“दादा असाच उभा राहायचा.”

तिनं गाडी थोडी पुढं नेली. जवळ गेल्यावरही त्या माणसाचं तोंड दिसलं नाही. कुठूनही बघितलं तरी पाठच दिसायची, आणि खाली घातलेली मान.

“तो खाली काय बघतोय?” संगमेश म्हणाला.

ऐश्वर्यानं माऊसवरचा हात काढून घेतला. ती म्हणाली, “तिथं विहीर हाय. जुनी. काठ ढासळलाय, वरनं घाणेरी माजलीय, कुणाला दिसत पण न्हाय. दादानं नकाशात काढलीच नव्हती ती.”

तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि यूपीएसवर नसलेला मॉनिटर काळा पडला. यूपीएस टिटि करू लागला. संगमेशनं तो बंद केला आणि स्कूटरची किल्ली घेतली.

ते गडमुडशिंगीला पोचले तेव्हा ऊन अजून होतं. आण्णा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. ऐश्वर्या चप्पल न काढताच त्यांच्यासमोर उभी राहिली.

“आण्णा, सयाजीकाकांची विहीर उपसायची.”

“आनि ती कशाला?”

“दादा परत आलता.”

आण्णांनी पेपर खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्या घरात कुणी हा शब्द उच्चारला नव्हता. आतून आई, चंदनाबाई, दारात आल्या. आण्णांनी संगमेशकडं बघितलं.

“पावणं, तुमी काय सांगितलासा हिला?”

स्क्रीनवर दिसलं, हे सांगून कोण ऐकणार. संगमेश एवढंच म्हणाला, “आण्णा, माझं ऐकू नका. पण एकदा बघून घ्या.”

आण्णा उठले आणि अनवाणीच सयाजीच्या घराकडं चालू लागले.

घाणेरी तोडायलाच दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तोडल्यावर आत काळं पाणी दिसलं. सयाजीनं आपलं इंजिन आणून पाणी उपसायला लावलं. बघता बघता गावातली माणसं जमली. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. इंजिन धडधडत राहिलं, पाणी पडीक रानात पसरत गेलं, आणि ऊन कलायला लागल्यावर मोटारसायकलचं हँडल पाण्याबाहेर आलं.

“इंजिन बंद कर,” आण्णा म्हणाले.

पुढचं पोलिसांनी आणि अग्निशमनच्या माणसांनी केलं. पावसात वाट चिखलाची झाली असणार, वळणावर गाडी घसरली असणार, विहीर तेव्हा काठोकाठ भरलेली असणार, असं फौजदार म्हणाला. गारगोटीचा मित्र आला आणि रडत म्हणाला, “‘निघतो’ म्हटल्यावर मी समजलो बेंगळूरला. घरी जातोय असं तो बोलला असता तर मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं.”

आण्णा काठावर बसून होते. सयाजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. आण्णा त्याला म्हणाले, “मी समजत हुतो, त्यो माझ्यावर रुसून बसलाय. आनि त्यो घराकडं येत हुता.” ते हेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिले, जणू ऐकणारा दर वेळी नवीन होता.

संगमेश दुकानात परत आला. काही दिवस त्यानं ते मशीन झाकून ठेवलं. एका सकाळी, रस्त्यावर वर्दळ असताना, दार सताड उघडं ठेवून त्यानं ते चालू केलं. सगळ्या पट्ट्या होत्या तशाच होत्या. वळणावर मोटारसायकल न अडकता गेली. गवत हलत होतं. तिथं कुणी नव्हतं. कार्डावर हात ठेवला, ते गार होतं.

दिवस-कार्य आटोपल्यावर ऐश्वर्याचा फोन आला. आण्णांना नकाशा बघायचा होता.

रविवारी संगमेश मशीन आणि मॉनिटर टेम्पोत घालून वस्तीवर गेला. सोप्यात टेबल मांडलं, वायरी जोडल्या. स्पीकर त्यानं आणले नव्हते, घरात होते ते उंदरांनी कुरतडलेले होते. आण्णा खुर्चीवर ताठ बसले. चष्मा पुसला.

“हे कसं चालवायचं?”

संगमेशनं त्यांची बोटं बटणांवर ठेवून दाखवली. आण्णांची मोटारसायकल पहिल्यांदा उसात घुसली, मग म्हशीला धडकली. ऐश्वर्या जरा हसली. पुष्कळ दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. हळूहळू त्यांना जमू लागलं. डांबरी रस्त्यावरून ते गाडीवाटेला लागले, वळणावर गाडी अगदी हळू केली, आणि पोरानं बनवलेल्या आपल्याच फाटकासमोर येऊन थांबले.

“फळ्यांच्या गाठीसुदिक काढल्यात,” ते म्हणाले. “कवा बसून बघितलं असंल ह्यानं एवढं.”

मग त्यांनी बटणांवरची बोटं उचलली आणि मान वर केली.

“गाडी आली की.”

संगमेशनं स्क्रीनकडं बघितलं. गेममधली मोटारसायकल थांबलेली होती, आणि तिचा आवाज यायला काही साधनच नव्हतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या कानाला होतो तसला भास असेल. पण स्वयंपाकघरातून चंदनाबाई ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या आणि दाराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आणि मग त्यालाही ऐकू आलं. लांबून, उसापलीकडून, गिअर बदलत वाट चढणारं इंजिन. वळणाशी येऊन आवाज जरा बारीक झाला आणि पुन्हा मोठा झाला.

“ऐश्वर्या,” चंदनाबाई म्हणाल्या, “फाटक उघड जा बाळ.”

ऐश्वर्या गेली. संगमेश तिच्या मागून अंगणापर्यंत आला. आवाज फाटकाजवळ येऊन बंद झाला. वाट रिकामी होती, धूळसुद्धा उडालेली नव्हती. ऐश्वर्यानं कडी काढली, फाटक पूर्ण आत ओढलं आणि बाजूला सरकून उभी राहिली. थोडा वेळ ती तशीच राहिली. मग ते उघडंच ठेवून ती घरात आली आणि आईबरोबर ताटं घ्यायला लागली.