कायमचा एकशे वीस

मी रक्तदाब मोजायचे एक जुने, फुटके यंत्र आहे. माणसांचे दंड आवळण्यात माझा जन्म गेला. पट्टा गच्च फुगवायचा, धमनी दाबून गप्प करायची, मग हळूहळू सोडायची. मित्रांनो, मी कुणाला प्रेमाने धरलेच नाही. पण धरले ते भल्यासाठी.

एकशे वीस.

हा माझा लाडका आकडा. कारखान्यात तबकडी, काटा, पट्टा आणि रबरी चेंडू जोडून मला तपासले, तेव्हापासूनचा. पुढे मी नर्सताईंच्या पिशवीत आले. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लोहाराच्या ओट्यावर सगळी गल्ली जमायची आणि ताई आकडे मोठ्याने सांगायच्या.

"शिंपीकाका, एकशे अठ्ठावीस! शाब्बास!"

टाळ्या पडायच्या. टाळ्यांसाठी तरी लोक गोळ्या घेतील, असे ताईंना वाटे.

दोनशे दहा.

हा लोहारदादांचा. "भट्टी आत पेटलीय की बाहेर?" शिंपीकाका म्हणाले. गल्ली हसली. दादांनी दात आवळले. त्यांचे रक्त माझ्या पट्ट्याला आतून बुक्के मारत होते.

पुढच्या महिन्यात एकशे तीस! टाळ्या! त्याच्या पुढच्यातही.

खरे काय ते त्यांच्या बायकोने फार उशिरा, रडत सांगितले. दादा रोजची गोळी घेतच नव्हते. डबीत साठवायचे आणि त्या मंगळवारी सकाळी चार एकदम गिळायचे.

मग एकदा ताई सोमवारीच आल्या.

"अहो, ताई आल्यात," बायकोने भट्टीकडे हाक दिली.

"आज? आज कसं काय?"

दोनशे चाळीस.

या वेळी ताई ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "दादा, हातोडा ठेवा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"किती आला हो?" शेजारच्या दुकानातून शिंपीकाकांनी मान लांब केली.

दादांनी मला दंडावरून ओरबाडून काढले. "हे डबडंच खोटारडं आहे!" ऐरणीवर आपटले. पहिला घाव काचेवर. दुसरा तबकडीवर. काटा वाकला आणि रुतला. तिसऱ्या घावासाठी हातोडा वर गेला,

आणि

हातातून सुटला. उजवा हात लोंबला. तोंड एका बाजूला ओघळले. एवढा दांडगा माणूस ऐरणीवर, माझ्यावर, कपाळ फोडून कोसळला. इतकी वर्षे बाहेरून मोजलेले रक्त त्या दिवशी माझ्या पट्ट्यात मुरले.

दादा वाचले. उजवा हात मात्र गेल्यातच जमा.

आता ताई नवे यंत्र आणतात आणि ज्याचा आकडा त्याच्याच कानात सांगतात. मी दादांच्या फळीवर, गोळ्यांच्या डबीशेजारी असते. माझा काटा एकशे वीसवर रुतलाय. दादांना हवा होता तोच आकडा, कायमचा आणि साफ खोटा.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गोळ्या साठवत असेल तर गप्प बसू नका. भांडा, रुसा, पण रोजची गोळी रोज घ्यायला लावा. तपासणीच्या दिवशी मला फसवता येते. उरलेले दिवस रक्त धमन्यांवर घाव घालतच असते.

माझा रबरी चेंडू तेवढा शाबूत होता. ताईंनी तो नळीपासून कापून दादांच्या मेलेल्या मुठीत दिला. रोज गोळी घेतली, की बायको समोर बसते.

"दाबा हो. लोखंड वाकवलंत, एवढं रबर दबत नाही?"

तीन महिने काही झाले नाही.

काल सकाळी चेंडूतून हवेची एक बारीक फुंकर निघाली.