घरटी एक माणूस

सत्र संपत आलं की आमच्या पेणच्या बी.एड. कॉलेजच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात बातम्या लागतात. बाकीच्या प्राध्यापकांची अक्षरं पाहून ही माणसं शिक्षक कशी झाली, असा प्रश्न पडतो. यंदा अंतिम पाठांचे गुण, इंटर्नशिपच्या वह्या जमा करायची तारीख, निरोप समारंभ या नेहमीच्या बातम्यांखाली मी लाल खडूने एक चौकट आखली. रोह्याच्या एका शाळेत गणिताची जागा होती. मंगळवारी साडेअकराला नमुना पाठ, आणि आमच्याकडून दोनच नावं.

एक नाव जिते गावच्या हरेशचं दिलं, दुसरं दिपिकाचं. दिपिका खाडीकाठच्या गावातली, आई पुतळी मिठागरात, बाप काळुराम धरमतरच्या बार्जवर. अपूर्णांक शिकवायला उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात. ही जागा हुकली तर जूनपासून ती कंपनीत पॅकिंगला जाणार होती, तिथे नावही देऊन बसली होती. दोन वर्षं मी जिच्यामागे हात धुऊन लागले, ती पोरगी खोकी चिकटवणार, या विचारानेच माझं डोकं फिरायचं.

मंगळवारी आठ वाजता हरेशचा स्टेशनवरून फोन आला. "मॅडम, दिपिका नाय आली. फोन पण बंद हाय."

मी रिक्षा केली आणि तिचं गाव गाठलं. वाटेत तिला काय काय बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. घराला कडी होती. शेजारच्या म्हातारीने खाडीकडे बोट केलं.

पौर्णिमेच्या उधाणाने रात्री बाहेरच्या बांधाला खांड पडली होती, चांगली दोन बैलगाड्या जातील एवढी. आता ओहोटी होती. दुपारच्या भरतीआधी खांड बुजली नाही तर खारं पाणी भातशेतात शिरणार आणि तीन वर्षं तिथे काही पिकणार नाही. अख्खा गाव रांगेत उभा राहून चिखलाच्या ढेपा हातोहात पुढे सरकवत होता. त्या रांगेत माझी दिपिका, कोपरापर्यंत चिखलात. काठावर पुतळी बसली होती, पायाला पांढरंशुभ्र बँडेज. मिठागरात फावडं लागून चार दिवसांपूर्वी टाके पडले होते.

"दिपिका, अक्कल गहाण टाकलीस का?" मी सुरुवात केली.

"मॅडम, घरटी एक माणूस लागतो. बाबा रात्री बार्ज घेऊन गेलंत. आयेचा पाय असा." तिने हातातली ढेप पुढे दिली आणि दुसरी घेतली. "आमच्या घरचं कोण नाय आलं तर उद्या आमच्या अडीनडीला कोण येल?"

ती रडत नव्हती. रडली असती तर मला ओरडता आलं असतं.

बांधावर डोक्याला टॉवेल गुंडाळून कान्हूदादा उभे होते. गावचा बांध त्यांच्याच शब्दावर चालतो. मी त्यांना म्हटलं, "हिच्या जागी मी मजूर लावून देते. दोन लावते."

रांगेतले हात थांबले. आपलं काहीतरी चुकलं, एवढं मला कळलं.

"बाई, मजूर चालत नाय," कान्हूदादा शांतपणे म्हणाले. "त्याचं शेत नाय हितं. तो नुसता चिखल टाकील. आमाला घरचं माणूस लागतं."

मी चप्पल काढली. पदर कमरेला खोचला. "मग मी उभी राहते."

"तुमी कोनाच्या घरच्या?"

पेणच्या फ्लॅटमध्ये मी अकरा वर्षं एकटी राहते, कुणी विचारलं तर तोऱ्यात सांगतेही. तेवढ्यात काठावरून पुतळी म्हणाली, "ती आमच्या घरची हाय. माझी थोरली जाऊ."

काळुराम एकुलता एक, हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक असणार. रांगेत खसखस पिकली. कान्हूदादांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे, मग खाडीकडे. पाणी वळायला फार वेळ नव्हता.

"मग जाऊबाय, उतरा खाली. पन ऐका, हजेरी भरती उतरल्यावर घेतो मी. मधेच गेलेला धरत नाय."

"मॅडम, तुमचे गुडघे..." दिपिका म्हणाली.

"नमुना पाठ माझ्या गुडघ्यांचा नाही, तुझा आहे. पळ. हात धू, रिक्षा उभी आहे. साडी रोह्यात नेस."

पुतळीने नुसतं "जा गो" म्हटलं. तेव्हा ती पळाली.

चिखलाची ढेप किती जड असते हे मी पंचावन्नाव्या वर्षी शिकले. दहावी ढेप पायावर पडली, विसावीला मी माझ्या पदव्यांना शिव्या घातल्या. माझ्या शेजारची बायजाबाई सत्तरीची, पण तिने एकदाही दम खाल्ला नाही. "कंबर नको वाकवू, गुडघं वाकव," एवढं शिकवलं तिने मला, आणि तेही न रागावता. मला असं शिकवता येत नाही.

साडेअकरा झाले तेव्हा खांड बुजली होती, वर पेंढा दाबून झाला होता. मग भरती आली. सगळे काठावर येऊन उभे राहिले. पाणी चढत चढत बांधाच्या गळ्याशी आलं आणि तिथे खूप वेळ थांबलं. पुतळीने माझा हात धरला होता. तिला भीती बांधाची होती की रोह्याची, कोण जाणे. मला दोन्हींची होती.

एकच्या सुमाराला फोन वाजला. माझे हात चिखलाचे, म्हणून पुतळीने तो माझ्या कानाशी धरला. दिपिका म्हणाली, "मॅडम, मुख्याध्यापक म्हणाले, जूनपासून या. पाठाला उभी राहिले तेव्हा नखांत चिखल होता. पोरांनी विचारलं, मी खरं सांगितलं." मग म्हणाली, "बांध राहिला?"

"राहिला," मी म्हटलं. पुतळीला नोकरीचं सांगितलं तशी ती माझ्या तोंडावरचा चिखल पदराने पुसत राहिली, लहान मुलाचं पुसावं तसं. माझं तोंड असं कुणी पुसून किती वर्षं झाली, मला आठवेना. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

पाणी उतरायला लागलं तसे कान्हूदादा उभे राहिले आणि एकेका घराचं नाव घेऊ लागले. प्रत्येक नावाला गर्दीतून कोणीतरी ओ देत होतं.

"काळुरामाचं घर?"

पुतळीने मला कोपराने ढोसलं.

"हाय," मी म्हटलं.